वसतिगृहात राहायला आलात? आग आणि इमारतीची पाहणी अशी करा

वसतिगृहाच्या भिंतीवर आग विझवायचा लाल सिलिंडर (एक्स्टिंग्विशर) टांगलेला असतो, छताला स्मोक डिटेक्टर असतो, जिन्याच्या दारावर हिरवी पाटी असते. एवढं दिसलं की माणूस निर्धास्त होतो. पण वस्तू जागेवर असणं वेगळं आणि वेळेला चालणं वेगळं. सिलिंडरमधला दाब गेलेला असतो, डिटेक्टरवर रंगकामाच्या वेळी चढवलेली प्लास्टिकची टोपी तशीच राहिलेली असते, हिरव्या पाटीखालच्या दाराला रात्री कुलूप असतं. म्हणून खाली दिलेली पाहणी नुसती नजरेने करायची नाही. बटण दाबून, दार सोडून देऊन, जिना शेवटच्या पायरीपर्यंत उतरून करायची.

नव्याने राहायला आलेला विद्यार्थी, मजल्याचा प्रतिनिधी किंवा नुकतेच रुजू झालेले वॉर्डन, कोणालाही हे जमेल. पहिल्या फेरीला दोन तास ठेवा, पुढे महिन्याला अर्धा तास पुरतो. दोघांनी मिळून करा. एकाने तपासायचं, दुसऱ्याने लिहायचं.

सोबत काय घ्यावं

- टॉर्च, मोजपट्टी, पेन्सिल आणि वही
- चार जुनी एटीएम कार्डं (कशासाठी ते पुढे येईल)
- प्रवासी बॅग तोलायचा हुकाचा काटा
- वाटीभर साबणाचं पाणी आणि ब्रश

कार्यालयाकडे काय मागावं

- एक्स्टिंग्विशरच्या सर्व्हिसिंगची नोंद
- अलार्म चाचणीची वही
- वायरिंगच्या तपासणीचा शेवटचा अहवाल
- लिफ्टच्या तपासणीचं प्रमाणपत्र
- पाण्याच्या टाक्या धुतल्याच्या तारखा
- प्रत्येक मजल्याचा नकाशा

मागताना नम्रपणे मागा, पण कागद प्रत्यक्ष बघा. वही सापडत नसेल, तर ती तपासणी होत नाही असं धरून चाला.

## १. सुटकेची वाट: पलंगापासून मोकळ्या जागेपर्यंत

राहायला आल्याच्या पहिल्याच संध्याकाळी हे करा. आपल्या पलंगापासून निघा आणि इमारतीबाहेरच्या मोकळ्या जागेपर्यंत चालत जा. मग परत येऊन दुसऱ्या जिन्याने तसंच जा. रोजच्या जिन्यात धूर भरला तर दुसरा जिना लागतो, आणि तो कुठे उघडतो हे बहुतेकांना माहीतच नसतं. काही ठिकाणी तो मागच्या अंगणात उतरतो आणि अंगणाच्या फाटकाला कुलूप असतं. वाट तिथेच संपते.

जाताना खोलीपासून जिन्यापर्यंत मध्ये किती दारं लागतात ते मोजून पाठ करा. दाट धुरात टॉर्चचाही उपयोग होत नाही. तेव्हा भिंतीला हात लावून दारं मोजत जाणं एवढंच हातात उरतं.

वाटेवरचं प्रत्येक दार आतून किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. चोरी होते म्हणून रात्री साखळी लावणं हा सगळ्यात घातक प्रकार आहे. किल्ली रखवालदाराकडे असते आणि रखवालदार दुसऱ्या फाटकावर असतो. चोरीची काळजी खरी असेल तर दार उघडल्यावर वाजणारी घंटा बसवता येते, किंवा आतून दांडा ढकलताच उघडणारं कुलूप मिळतं. दोन्ही उपाय साधे आहेत.

जिन्याखाली रचलेल्या जुन्या गाद्या, कॉरिडॉरमधल्या सायकली, चपलांची कपाटं हे सगळं हलवायला लावा. फोमची गादी पेटली की काही मिनिटांत जिना काळ्या, विषारी धुराने भरतो.

आणीबाणीचे दिवेही याच फेरीत बघा. दिव्यावर चाचणीचं बटण असेल तर ते दाबून दिवा लागतो का ते महिन्यातून एकदा बघायचं. वर्षातून एकदा वीज बंद करून पूर्ण वेळ चालवून बघायचं. तो वेळ काही देशांच्या नियमांत दीड तास आहे, काहींत तीन. बटण दाबल्यावर लख्ख पेटून दहा मिनिटांत विझणारे दिवे खूप असतात, कारण बॅटरी म्हातारी झालेली असते.

## २. फायर डोअर: दार सोडून द्या आणि बघा

जिन्याला आणि कॉरिडॉरला लागून असलेली जड दारं धूर अडवण्यासाठी असतात. आगीत माणसं ज्वाळेपेक्षा धुराने जास्त दगावतात, म्हणून या दारांची किंमत मोठी आहे. तरीही सगळ्यात जास्त हेळसांड यांचीच होते.

चाचणी सोपी आहे. दार पूर्ण उघडा आणि हात काढा. मग अर्धं उघडा आणि सोडा. शेवटी जेमतेम तळहात मावेल इतकंच उघडून सोडा. तिन्ही वेळा दार आपोआप येऊन, खिटी टक् करून चौकटीत बसली पाहिजे. पहिल्या दोन्ही वेळी बसतं आणि तिसऱ्या वेळी खिटीला टेकून थांबतं, असं फार दिसतं. डोअर क्लोजरचा (दार आपोआप लावणाऱ्या वरच्या यंत्राचा) जोर कमी झालेला असतो किंवा बिजागरी उतरलेली असते. क्लोजरमधून तेल गळून दारावर ओघळ आला असेल तर तो बदलावाच लागतो. नुसता स्क्रू पिळून काम होत नाही.

आता एटीएम कार्डं काढा. एक कार्ड साधारण पाऊण मिलिमीटर जाड असतं, चार एकावर एक ठेवली की ३ मिलिमीटर होतात. बंद दाराच्या बाजूच्या आणि वरच्या फटीत ती चळत सरकवून बघा. फट साधारण एवढीच हवी. चळत घालूनही ती खुळखुळत असेल, तर फट जास्त आहे. चौकटीत किंवा दाराच्या कडेला बसवलेली पट्टी उष्णतेने फुगून फट बुजवते, पण तीही ठरावीक फटीपुरतीच. पट्टी जागेवर आहे ना, तिच्यावर रंगाचे जाड थर चढले नाहीत ना, हेही बघा.

दाराखाली पाचर, वीट, अग्निशामक सिलिंडर असं काही अडकवून ते उघडं ठेवलेलं दिसलं तर लगेच काढा. येण्याजाण्याला खरंच अडचण होत असेल तर विजेच्या चुंबकाने उघडं धरणारी आणि अलार्म वाजताच सोडून देणारी सोय बसवता येते.

दाराजवळच वायरींचं डक्ट असतं. ते उघडून टॉर्च मारा. खालचा मजला दिसला, तर धुरालाही तीच वाट आहे. वर्षानुवर्षं इंटरनेटच्या वायरी टाकताना पाडलेली भोकं कोणी बुजवत नाही आणि डक्टचं धुराडं होतं. बांधकामात सर्रास वापरला जाणारा साधा फोम तिथे मारून भागत नाही, तो स्वतःच जळतो. आगरोधक म्हणून प्रमाणित केलेलंच साहित्य लागतं.

## ३. स्मोक डिटेक्टर आणि अलार्म

खोलीत सुटा, बॅटरीवर चालणारा डिटेक्टर असेल तर महिन्यातून एकदा त्याचं बटण दाबा. हात पोहोचत नसेल तर झाडूच्या दांड्याने दाबा. दर मिनिटाला एकदा ‘चिक्’ असा आवाज येत असेल तर बॅटरी संपत आली आहे. त्या आवाजाला कंटाळून बॅटरी काढून ठेवू नका, त्याच दिवशी नवी घाला. डिटेक्टरच्या मागे उत्पादनाची तारीख असते. दहा वर्षं झाली की बटणाला प्रतिसाद देत असला तरी तो बदलायचा. बटण भोंगा आणि सर्किट तपासतं, पण धूर ओळखणारा भाग धुळीने आणि वयाने मंद झालेला असू शकतो.

सगळ्या इमारतीची एकत्र यंत्रणा असेल तर डिटेक्टरला हात लावू नका. तळमजल्यावरच्या अलार्मच्या पॅनेलकडे जा. तिथे वीजपुरवठ्याचा हिरवा दिवा लागलेला हवा आणि दुसरा कुठलाही दिवा नको. पिवळा दिवा म्हणजे बिघाड, किंवा एखादा विभाग मुद्दाम बंद ठेवलेला आहे. हा दुसरा प्रकार नीट विचारून घ्या. तिसऱ्या मजल्यावर रात्री खोटा अलार्म वाजतो, कोणीतरी तो विभाग बंद करतं, आणि सकाळी चालू करायचं राहून जातं. महिने जातात. पॅनेल शांत असतं, म्हणून सगळं ठीक आहे असं वाटतं.

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वेळी, लाल रंगाच्या हाताच्या बटणांपैकी एक चाचणीच्या किल्लीने वाजवलं पाहिजे. दर आठवड्याला वेगळं बटण घ्यायचं, म्हणजे काही महिन्यांत सगळी होतात. चाचणीच्या वेळी आपल्या खोलीचं दार लावून पलंगाच्या उशीशी उभे राहा. झोपेतल्या माणसाला उठवायला उशीपाशी निदान ७५ डेसिबल आवाज लागतो. मोबाइलवरच्या आवाजमापकाने अंदाज येतो. कमी भरत असेल, किंवा कोणाला ऐकू कमी येत असेल, तर खोलीत वेगळा भोंगा किंवा उशीखाली थरथरणारं यंत्र मागा.

अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात सीटन हॉल विद्यापीठाच्या बोलंड हॉल या वसतिगृहाला १९ जानेवारी २००० रोजी पहाटे आग लागली. तिसऱ्या मजल्यावरच्या बसायच्या खोलीतल्या सोफ्याने पेट घेतला होता. अलार्म वाजला, पण त्याआधी इतके खोटे अलार्म वाजून गेले होते की अनेक जण हाही तसलाच समजून उठले नाहीत. तीन विद्यार्थी गेले, पन्नासहून जास्त जखमी झाले. इमारतीत स्प्रिंकलर (आग लागताच छतातून आपोआप पाणी फवारणारे नळ) नव्हते. त्यानंतर न्यू जर्सीने वसतिगृहांत स्प्रिंकलर सक्तीचे केले.

म्हणून खोट्या अलार्मची तक्रार खऱ्या बिघाडाइतक्याच गांभीर्याने करा. बहुतेक वेळा डिटेक्टर स्वयंपाकघराच्या किंवा बाथरूमच्या दाराला फार जवळ असतो, आणि फोडणीचा धूर किंवा गरम पाण्याची वाफ त्यात जाते. जागा बदलून किंवा स्वयंपाकघरात उष्णता ओळखणारा डिटेक्टर बसवून हा त्रास थांबतो. डिटेक्टरवर मोजा किंवा पिशवी चढवणाऱ्या मित्राला मात्र स्पष्ट सांगा की त्याने शेजारच्या खोल्यांचाही अलार्म बंद केला आहे.

## ४. एक्स्टिंग्विशर

पाच गोष्टी बघा: दाबमापकाचा काटा हिरव्या पट्ट्यात, पिन जागेवर, पिनेचं सील शाबूत, नळी चिरलेली किंवा बुजलेली नाही, आणि सर्व्हिसिंग गेल्या वर्षभरातलं. कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरला काटाच नसतो, तो तोलूनच कळतो. त्याच्यावर भरलेल्या अवस्थेतलं एकूण वजन लिहिलेलं असतं. हुकाच्या काट्याला लावा. आतल्या गॅसमध्ये १० टक्के घट म्हणजे २ किलोच्या सिलिंडरमध्ये २०० ग्रॅम. एवढी घट दिसली की तो भरून घ्यायला पाठवायचा.

वापरायचा कसा तर पिन ओढा, नोझल ज्वाळांच्या बुडाशी धरा, दांडी दाबा, आडवं फिरवत जा. ६ किलोचा पावडरचा सिलिंडर जेमतेम १५ ते २० सेकंद चालतो. पाठीमागे दार असेल तरच पुढे व्हा आणि आग कचऱ्याच्या डब्याएवढी असेल तरच प्रयत्न करा. कार्बन डायऑक्साइडच्या कर्ण्याला हात लावू नका, कातडी गोठते. लहान बंद खोलीत तो सोडला तर लगेच बाहेर या, श्वास कोंडतो.

## ५. वीज: खरी गडबड इथे असते

एक्स्टेन्शन बोर्डावर अँपिअर लिहिलेले असतात. त्यांना व्होल्टने गुणा, वॅट मिळतात. १० अँपिअर गुणिले २३० व्होल्ट म्हणजे २३०० वॅट. १५०० वॅटची किटली आणि १००० वॅटची इस्त्री एकत्र लावली की बोर्डाची क्षमता संपली. मोबाइलचे आणि लॅपटॉपचे चार चार्जर मिळून त्याच्या निम्मेही होत नाहीत. म्हणजे भीती तापवणाऱ्या उपकरणांची: हीटर, किटली, इस्त्री, पाण्याचा रॉड, इंडक्शन. ही थेट भिंतीच्या सॉकेटला, एका वेळी एक. बोर्डाला बोर्ड जोडू नका. गुंडाळलेल्या एक्स्टेन्शनच्या रिळावर जड उपकरण चालवायचं असेल तर वायर पूर्ण उलगडा, गुंडाळीत उष्णता अडकून आवरण वितळतं.

आता एक चाचणी हाताने. उपकरण अर्धा तास चालल्यावर स्विच बंद करून प्लग काढा आणि प्लास्टिकला हात लावा. कोमट ठीक. चटका बसत असेल, सॉकेटभोवती तपकिरी डाग असेल किंवा जळक्या प्लास्टिकचा वास येत असेल तर तो पॉइंट त्याच क्षणी बंद. आतला स्क्रू किंवा पत्ती सैल असते, तिथे रोध वाढतो आणि ठिणग्या पडतात. अशा वेळी एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) पडत नाही, कारण प्रवाह नेहमीएवढाच असतो. ‘एमसीबी आहे, काही होत नाही’ हा समज इथेच फसतो.

एमसीबी वारंवार पडतो म्हणून १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसवून देणारे भेटतात. त्याने पडणं थांबतं, पण मग तापायची पाळी भिंतीतल्या वायरीवर येते. वितरण पेटीतला बदल वायरीचा आकार बघूनच आणि परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचा.

पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच) आहे का ते बघा. सगळ्यांना सांगून, तीन महिन्यांतून एकदा, त्याचं ‘टी’ लिहिलेलं बटण दाबा. तो खटकन पडलाच पाहिजे. पडला नाही तर त्याचा भरवसा धरू नका. एक मात्र लक्षात घ्या: अर्थिंग तुटलेलं असलं तरी हे बटण काम करतं. अर्थिंग वेगळं मोजून घ्यावं लागतं.

## ६. स्कूटर आणि सायकलच्या बॅटऱ्या

लिथियम बॅटरी पेटली की तिचे सेल एकामागून एक तापत जातात. पावडरने ज्वाळा क्षणभर दबली तरी आतली प्रक्रिया चालूच राहते. त्यामुळे अशी बॅटरी जिन्यात, कॉरिडॉरमध्ये किंवा खोलीच्या दाराशी चार्ज करू नका. पेटली तर बाहेर पडायची वाटच बंद होते.

चार्जर त्याच बॅटरीचा हवा. ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टपर्यंत भरते, ४८ व्होल्टवाल्याचा चार्जर ५४.६ व्होल्ट देतो. पिन बऱ्याचदा तीच असते, म्हणून मित्राचा चार्जर सहज लागतो आणि घात होतो. पडलेली, भिजलेली, फुगलेली बॅटरी चार्जिंगला लावू नका. टोचून बघू नका, बाहेर मोकळ्यावर ठेवून वॉर्डनना कळवा. मोबाइल रात्री उशीखाली किंवा गादीवर चार्ज करायची सवयही सोडा.

## ७. स्वयंपाकघर आणि गीझर

कढईतलं तेल पेटलं तर गॅस बंद करा, झाकण ठेवा, आणि ते निवेपर्यंत उचलू नका. पाणी कधीही नाही. पाण्याची वाफ होताना ते सतराशे पट फुगतं आणि जळतं तेल छतापर्यंत उडवतं.

रबरी नळी वाकवून बघा. बारीक चिरा दिसल्या तर बदला. सांध्यांवर ब्रशने साबणाचं पाणी लावा, बुडबुडे आले तर गळती आहे. काडी पेटवून बघायची नाही. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साठतो. वास आला तर व्हॉल्व्ह बंद करा, खिडक्या-दारं उघडा, बाहेर जाऊन फोन करा. दिव्याचं बटण चालूही करायचं नाही आणि बंदही नाही.

बंद बाथरूममध्ये बसवलेला, धूर बाहेर नेणारी नळी नसलेला गॅस गीझर असेल तर तो वापरू नका. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. ज्योत निळीऐवजी पिवळी दिसणं, वर काजळी धरणं ही खूण आहे. एकाच वेळी दोघातिघांचं डोकं दुखायला लागलं, मळमळलं आणि बाहेर आल्यावर बरं वाटलं, तर आधी हाच संशय घ्या.

## ८. इमारत

भिंतीवर तडा दिसला तर त्याच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारून शेजारी तारीख लिहा. दोन महिन्यांनी तडा रेघेपलीकडे गेला असेल तर तो वाढतो आहे. गिलाव्यातले केसासारखे तडे सहसा निरुपद्रवी. तुळईच्या लांबीने जाणारा, कडेला गंजाचा डाग असलेला तडा मात्र गंभीर आहे. गंजाने सळई फुगते आणि काँक्रीट आतून ढकलते. छताचं प्लास्टर काठीने हलकं वाजवा. पोकळ आवाज आला, पापुद्रा खाली आलेला दिसला, तर त्याखालचा पलंग आजच सरकवा.

बाल्कनीचा कठडा हलवून बघताना आपला भार मागे ठेवा. त्याच्या पायाशी सिमेंट फुटलं असेल तर तिथे टेकणं बंद. स्विचबोर्डाच्या वरच्या भिंतीला ओल असेल तर तो मुद्दा पाण्याचा म्हणून नव्हे, विजेचा म्हणून लिहा. कारवाई लवकर होते, आणि धोकाही खरोखर तोच आहे.

बाहेरच्या भिंतीवर सजावटीचे पत्रे किंवा पॅनेल असतील तर ते कशाचे आहेत हे कार्यालयाला लेखी विचारा. इंग्लंडमधल्या बोल्टन शहरात ‘द क्यूब’ या विद्यार्थ्यांच्या सहा मजली इमारतीला १५ नोव्हेंबर २०१९ रोजी आग लागली, ती बाहेरच्या आवरणावरून भराभर वर चढली. सगळे जण बाहेर पडू शकले म्हणून जीव वाचले.

सुट्टीनंतर परत आल्यावर नळ आणि शॉवर काही मिनिटं वाहू द्या. २० ते ४५ अंश तापमानाच्या साचलेल्या पाण्यात लिजिओनेला हा जिवाणू वाढतो आणि तुषारांतून फुफ्फुसात जातो. शॉवरवर फडकं गुंडाळा, पाणी सोडा आणि बाथरूमबाहेर थांबा.

## ९. सराव

सत्र सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत एक सराव व्हावा, आणि वर्षात एक तरी अंधार असताना. जमायची जागा आधी ठरवा. इमारतीपासून दूर, बंबाच्या रस्त्यात नको. मजल्यानुसार हजेरी घ्या. लिफ्ट वापरायची नाही. चालायला अडचण असलेल्या विद्यार्थ्याबरोबर कोण थांबेल हे नावानिशी लिहून ठेवा, आणि ते त्याच्याशी बोलूनच ठरवा.

बाहेर धूर असेल तर दाराला हाताची मागची बाजू लावा. गरम लागलं तर उघडू नका. खालच्या फटीत ओला टॉवेल कोंबा, खिडकीपाशी जा, अग्निशमन दलाला खोली क्रमांक आणि मजला सांगा. तोंडावरच्या ओल्या कपड्याने काजळी अडते, कार्बन मोनॉक्साइड अडत नाही. म्हणून त्याच्या भरवशावर धुरात शिरू नका.

## १०. तक्रार कशी लिहावी

‘दरवाजा खराब आहे’ असं लिहिलं तर सुतार येतो, बघतो आणि जातो. असं लिहा: ‘दुसरा मजला, पूर्वेचा जिना, फायर डोअर. तळहाताएवढं उघडून सोडल्यावर खिटी बसत नाही. क्लोजरमधून तेल गळतं. फोटो जोडला आहे. क्लोजर बदलावा.’ खाली तारीख, दोघांच्या सह्या, आणि पोच घ्या.

कुलूपबंद सुटकेचं दार, बंद ठेवलेला अलार्म, गॅसची गळती, चटका देणारा सॉकेट आणि लोंबणारं प्लास्टर या पाच गोष्टी उद्यावर ढकलायच्या नाहीत. वॉर्डनना त्याच तासाला फोन करा आणि लेखी नंतर द्या. गळती असेल तर आधी सगळ्यांना बाहेर काढा. बाकीच्या दुरुस्त्यांना वाजवी मुदत द्या. मुदत उलटली तर पोच जोडून संस्थेच्या प्रमुखांना लिहा, आणि तिथूनही काही हललं नाही तर तीच कागदपत्रं घेऊन स्थानिक अग्निशमन कार्यालयात जा. दुरुस्ती झाली असं कळल्यावर वहीत लगेच खूण करू नका. आधी जाऊन ते दार पुन्हा तीनदा सोडून बघा.